पारावरचे गप्प

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक मेसेज पडतो, 'आलो.' मग पाऊण तासाने, कधी तासाने, दुसरा पडतो, 'येतो.' मधल्या वेळात तेच गृहस्थ कुणाच्या तरी बेदाण्याच्या फोटोखाली 'रंग ब्येस हाय, देठं राहिल्यात' असलं काहीतरी लिहून जातात. गेल्या महिन्यात पॅकिंगवर एक नवी मुलगी लागली. हुशार आहे, कामाची आहे. तिने तो 'येतो' वाचला आणि चहावाल्याला एक चहा जास्त सांगितला. दुपारपर्यंत बशीने झाकून ठेवला होता बिचारीने. शेवटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, ते येतो म्हणालेले काका अजून आले नाहीत. फोन करून बघू का?"

"काय वाट्टेल ते कर," मी म्हटलं, "पण त्यांना फोन तेवढा करू नको."

ते काका म्हणजे भाई. तासगावच्या ज्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी नोकरी करते, तिथले कॉम्प्युटर त्यांनी वीस-बावीस वर्षं सांभाळले. आता निवृत्त होऊन सांगलीला मुलीकडे असतात. त्यांचं आता ग्रुपवर काय काम, काढून टाका, असं एकदोघांनी सुचवून पाहिलं. ग्रुपची अॅडमिन मी आहे आणि माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

तर 'येतो' म्हणजे भाई येत नसतात, निघालेले असतात. आपल्याकडे दारातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि घरातला माणूस म्हणतो 'या'. एवढं त्या मुलीलाही माहीत आहे. तिला कळत नव्हतं ते हे, की मोबाईलवरच्या ग्रुपातून रोज रोज निघायचं कशाला. तिथे कुणी येत नाही की जात नाही, नाव आपलं बारा महिने तेरा काळ तिथे पडलेलं असतं. भाई जिथे बोलायला शिकले तिथे मात्र माणूस यायचा आणि जायचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर भाईंच्या निम्म्या सवयी तुम्हाला वेडेपणा वाटतील. आम्हाला वाटायच्याच. भाईंना ऐकू येत नव्हतं. एका कानाने काहीच नाही, दुसऱ्याने असून नसल्यासारखं, आणि तेही वर्षागणिक कमी होत गेलं. शेजारच्या खोलीत बसून मला हे कळायला सात वर्षं लागली, आणि कळलं ते माझ्याच तोंडाच्या पापाने. तोवर त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. आता मात्र ते स्वतःच म्हणतात, "सांग की खुशाल. आता काय मला कोण घरी बसवतंय? बसलोयच."

भाई उंच, सडसडीत. खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. त्यांच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्याला मोटारसायकलचा एक गोल आरसा तारेने बांधलेला होता. पाठीमागून कोण येतंय ते त्यात दिसायचं. मी त्यांना चिडवायची, "भाई, आता हॉर्नपण बसवा." ते माझ्या तोंडाकडे बघत असायचे, माझं बोलणं संपलं की बरोब्बर वेळेला हसायचे. रोज सकाळी आल्या आल्या ते मशीनघराच्या भिंतीला तळहात लावून उभे राहत. आम्हाला वाटायचं, भाई भिंतीला सलाम करतात. ते कॉम्प्रेसर चालू आहे का ते हाताने बघत असत. एकदा भिंतीवरून हात काढून म्हणाले, "एक नंबर खोकतोय." मेकॅनिकने उघडून पाहिलं तर खरंच बेअरिंग जायला आलं होतं.

फोन ते कधीच उचलत नसत. विचारलं तर म्हणत, "फोनवर माणूस दिसत न्हाई. न दिसणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?" तोंडात तंबाखू धरून बोलणाऱ्याकडे ते चक्क पाठ करत. आणि आमचे वजनकाट्यावरचे तात्या, त्यांच्या मिशीवर तर भाईंचा फारच राग. तात्यांची मिशी म्हणजे ओठांवर आलेलं छप्पर. भाई दर महिन्याला सांगायचे, "आवं तात्या, मिशी जरा कापा की." तात्या म्हणायचे, "भाई, तुमाला माज्या मिशीचं काय पडलंय? आमच्या सात पिढ्यांची हाय ही." मिशीआड ओठ दिसत नाहीत हे तात्यांना काय ठाऊक.

हेच भाई पारावर आले की दुसराच माणूस व्हायचे.

पार म्हणजे खरा पार नव्हे. भाईंच्या टेबलाखाली एक जुनाट मशीन होतं, त्यावर त्यांच्या बायकोने, भाभींनी शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा. मोबाईलवरचे ग्रुप यायच्या कितीतरी आधी कॉम्प्युटरवर गप्पा मारायची एक जुनी तऱ्हा होती, आयआरसी म्हणतात तिला. भाईंनी ती सांगलीच्या एका सायबर कॅफेत बघितली आणि तिच्या प्रेमातच पडले. कोल्ड स्टोरेजला लागल्यावर त्यांनी त्या जुन्या मशीनवर आमच्या ऑफिसपुरती तशी एक जागा उभी केली आणि तिचं नाव ठेवलं 'पार'. मी, तात्या, गेटवरचा माणूस, सांगलीच्या ऑफिसातले दोन क्लार्क आणि स्वतः भाई, एवढे पारकरी. शेठच्या कामाचं बोलणं त्यावरच व्हायचं. कुठला लॉट सौद्याला काढायचा, कुठली गाडी कुठवर आली, सगळं.

काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बस्स. फोटो नाही, आवाज नाही, हसरे चेहरे नाहीत. मराठी रोमन अक्षरांत लिहायचं. स्वतःचं नाव घालायचं नाही, टोपणनाव घ्यायचं, आणि ते भाई देणार. मला म्हणाले, "तू सुपारी. फोडल्याबिगार कळत न्हाईस." तात्या 'काटा'. स्वतःचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'गप्प'. आणि पारावर सगळ्यात जास्त बडबड या गप्पचीच. मी एक ओळ लिहीपर्यंत भाईंच्या तीन येऊन पडलेल्या असायच्या. कोट्या काय, उखाणे काय, तात्यांच्या मिशीवर रचलेल्या ओव्या काय. भिंतीपलीकडे एक मुका माणूस बसलाय आणि पडद्यावर मात्र दुसराच कुणी नाचतोय, असं वाटायचं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्यांच्या दारातून आरशात डोकावलं तर भाई निर्विकार.

पाराची रीत अशी, की जो बसलाय त्यालाच बोलणं कळणार. तुम्ही उशिरा आलात, तर आधीचं काही दिसायचं नाही. उठून गेलात, तर मागचं कळायचं नाही. मशीन काही साठवून ठेवत नसे. आल्यावर 'आलो' म्हणायचं, निघताना काहीतरी बोलून निघायचं, आणि ते शेवटचे शब्द बाकीच्यांना कंसात दिसायचे. आणि मधून मधून ते मशीन प्रत्येकाला हळूच विचारून घ्यायचं. भाई ते असं समजावत: "मशीन हाक मारतंय, हाईस का रं? आपला कॉम्प्युटर ओ देतोय, हाय. आपल्याला कळतसुदिक न्हाई. पण हाकेला ओ न्हाई आली, की मशीन समजतंय, माणूस गेला." असं झालं की पडद्यावर त्याचं नाव यायचं आणि कंसात त्याचे शब्द नसायचे. भाईंना ते अजिबात खपायचं नाही. लाईट गेली म्हणून कुणी असा गळला, तर लाईट आल्यावर ते त्याला परत बोलावून, नीट 'येतो' म्हणायला लावून मग सोडायचे.

याच्यावरून माझी एकदा अशी फजिती झाली की विचारू नका. नोकरीला लागून महिना झाला नव्हता. भाईंशी कसल्याशा यादीवरून वाजलं आणि मी तणतणत उठले. निघताना काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं, 'गेले.' माझ्या मते मी घरी गेले. सांगलीच्या क्लार्कने वाचलं, 'सुपारी (गेले).' तो बिचारा नवीन, त्याला वाटलं, सुपारी देवाघरी गेल्याचा तासगावहून निरोप आलाय. त्या लोकांनी तिथे दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. मग सांत्वनाला ऑफिसात फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन मीच उचलला.

 तो क्लार्क म्हणाला, "मॅडम, तुम्ही?" मी म्हटलं, "मग काय माझं भूत?"

भाईंना हे कळल्यावर ते हसले नाहीत. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी पारावर लिहिलं, 'सुपारे, रागानं गेलीस तरी चालंल. पण जाताना येते म्हणून जा. माणसाला वाट बघाय काय तरी लागतंय.' त्या दिवसापासून मी कितीतरी वर्षं चुकले नाही.

पार म्हणजे फार भारी आणि मोबाईल वाईट, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पाराचे तोटे मी सोसलेत. माझी आई मिरजेला दवाखान्यात होती तेव्हा मी आठ दिवस गेले नाही, तर आठ दिवस ऑफिसात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. परत आले तर माझा रॅकच दुसऱ्या खोलीत हलवलेला. लाईट गेली की पार आंधळा. आणि बेदाण्याचा रंग हा शब्दांत सांगायचा प्रकार आहे का? 'हिरवट सोनेरी' म्हणून लिहिलं तर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळा बेदाणा. ग्रुपवर एक फोटो टाकला की काम झालं. त्यामुळे ग्रुप मीच काढला, आणि काढल्याचा मला आजही पस्तावा नाही.

काढला तो मास्कच्या दिवसांत. निम्मी माणसं घरी, निम्मी कामावर, आणि कामावर असतील त्यांच्या तोंडाला फडकी. शेठना ग्रुप इतका आवडला की ते गाडीत बसल्या बसल्या बोलून मेसेज टाकायला लागले. बोटाने लिहायचा त्रास नाही, दाबा आणि बोला. शेठचं बघून तात्या, तात्यांचं बघून सगळे. खरं सांगते, मीही. गारठलेल्या बोटांनी मराठी कोण टाईप करत बसणार? आठ-पंधरा दिवसांत ग्रुपवर लिहिलेलं अक्षर दिसेनासं झालं. नुसत्या आवाजाच्या पट्ट्या.

 भाईंचे दोन आधार होते, लोकांचे ओठ आणि पारावरची अक्षरं. ओठ फडक्याआड गेले आणि अक्षरं मी घालवली, एका महिन्यात.

भाईंनी सुरुवातीला युक्ती केली. लिहायचे, 'माझ्या मोबाईलचा स्पीकर गेलाय, टाईप करा.' चार वेळा झालं, पाच वेळा झालं. शेठ मनाने मोठे माणूस. त्यांनी भाईंना नवा कोरा मोबाईल घेऊन दिला आणि वर सांगितलं, "भाई, ह्याचा आवाज लग्नाच्या बँडवानी हाय." भाईंनी दोन्ही हातांनी तो घेतला. त्यांचा चेहरा मला आठवतो, तेव्हा मला वाटलं होतं, किती ओशाळलेत भाई, संकोची माणूस.

मग ते प्रत्येक आवाजाच्या पट्टीखाली 'बरं' लिहायला लागले. शेठ काय बोलले, बरं. तात्या काय बोलले, बरं. आणि पारावर, जिथे आता आम्ही कुणी फिरकत नव्हतो, तिथे ते दिवसभर एकटे बसून असत. कधी चुकून मी उघडलं तर दिसायचं, यादीत एकच नाव, गप्प. मी काही न बोलता बंद करायची, आणि त्या गडबडीत 'येते' म्हणायचं राहून जायचं.

त्या दिवशी सीझन भरात होता. बेदाणा वाळवायच्या शेडवरून माल येऊन पडत होता, माझ्या डोक्याला काही सुचत नव्हतं. चार नंबरच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं आणि आतला गारठा बाहेर चालला होता. खोली भाईंच्या शेजारची. मी ग्रुपवर बोलून सांगितलं, भाई, चार नंबरचं दार बघा. भाईंचं उत्तर, 'बरं.' अर्ध्या तासाने बघते तर दार तसंच. पुन्हा सांगितलं. पुन्हा 'बरं.' तिसऱ्यांदा माझं टाळकं सटकलं. मोबाईल तोंडापाशी धरला आणि सगळ्या ग्रुपसमोर म्हणाले, "आवं भाई, कान फुटलेत का तुमचे? का माझंच तोंड फुटायची वाट बघताय?"

खाली उत्तर आलं, 'बरं, करतो.' आणि पुढे जोडलेले दोन हात.

ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सांगलीपासून गेटपर्यंत सगळे हसले. मला अजूनच चेव आला. म्हटलं, समोरच जाऊन विचारते. मास्क गळ्यात ओढला आणि त्यांच्या दारात गेले.

भाई खुर्चीत वाकून बसले होते. डोळे मिटलेले. तो लग्नाच्या बँडसारखा मोबाईल त्यांनी कानाला नव्हे, कानामागच्या हाडाला गच्च दाबून धरला होता, आणि माझाच मेसेज पुन्हा पुन्हा लावत होते. खोलीभर माझा आवाज घुमत होता. कान फुटलेत का तुमचे. कान फुटलेत का तुमचे. तो आवाज मी ऐकत होते, दारावरून जाणारा हमाल ऐकत होता, आणि ज्याला म्हटलं तो एक माणूस सोडून सगळी दुनिया ऐकत होती.

त्यांनी डोळे उघडले आणि आरशात मला बघितलं. वळून, अगदी साध्या सुरात म्हणाले, "सुपारे, ह्यात काय म्हंतीस? जरा लांबलंय."

 मी त्यांच्या समोर गेले, माझं तोंड त्यांना दिसेल असं, आणि सावकाश म्हणाले, "काही नाही भाई. चार नंबरचं दार लागत नाही, एवढंच."

"एवढंच व्हय," म्हणून ते उठले आणि दार बघायला गेले.

टेबलाशी येऊन मी आधी तो मेसेज पुसला. पुसला म्हणजे काय, ग्रुपवर तो पुसला गेल्याची पाटी पडते. पाच मिनिटांत आरशाशेजारच्या भाईंना ती पाटी दिसलीच असणार. मला राहवेना. मी कितीतरी दिवसांनी पार उघडला आणि लिहिलं, 'आले.'

लगेच ओळ आली, 'ये. काय पुसलंस गं?'

मी सगळं लिहिलं. जसं म्हटलं होतं तसं, शब्द न शब्द. सगळ्यांसमोर म्हटलं हेही लिहिलं, ते हसले हेही लिहिलं. माफी मागितली, ती मला धड मागता येत नाही, पण मागितली.   मला वाटलं, मशीनच्या हाकेला आता भाईंकडून ओ येणार नाही.

मग एक ओळ आली. 'खरं बोललीस की. एक फुटलाय, दुसरा तडकलाय.'

मागोमाग दुसरी. 'पारावर बोललीस, बरं केलंस. हितलं वाऱ्यावर जातंय. मोबाईलवर पुसलं तरी डाग राहतोय बघ.'

मी टेबलावर डोकं टेकून रडले. मला रडताना बघितलेली माणसं या ऑफिसात नाहीत, आणि त्या दिवशीही कुणी बघितलं नाही. रडून झाल्यावर लिहिलं, 'आधी का नाही सांगितलं?'

भाईंनी लिहिलं, 'शेठ घरी बसवतील ही एक भीती. पण ती मोठी न्हवं. भैरा म्हटलं की लोक वरडाय लागत्यात. दार लाव, गाडी आली, जेवाण झालं का, एवढं वरडून सांगत्यात. वरडून गंमत कुणी सांगत न्हाई सुपारे. मला गंमत पायजे.'

त्यांचं काय काय पणाला लागलं होतं ते मला तेव्हा कळलं. नोकरी तर होतीच. पण त्याहून, पारावर बसायचा हक्क.

त्या दिवसापासून भाईंची निवृत्ती होईपर्यंत मी एक काम केलं. ग्रुपवर आवाजाची पट्टी पडली, की दोन ओळींत ती पारावर लिहायची. शेठ काय म्हणाले ते, आणि म्हणताना मागे गाडीत कुठलं गाणं लागलं होतं तेही. तात्यांनी कुठला विनोद केला आणि तो कसा पडला तेही. कामाचं आधी, गंमत मागून. ग्रुपला मी नियम घातला, की आवाज टाकायचा नाही, लिहायचं, गिऱ्हाईक बसलेलं असताना मोठ्याने वाजतं आणि बरं दिसत नाही. कारण खोटं होतं, पण माझ्याशी हुज्जत कोण घालणार? शेठ आणि तात्या तेवढे अधूनमधून विसरायचे. आणि भाईंना मी एवढंच बजावलं, की धोक्याची घंटा किंवा भोंगा वाजला तर मी येऊन हात धरीन, तेव्हा काही न विचारता बाहेर पडायचं. ते म्हणाले, "धर. भाभीला सांगू नको म्हंजे झालं."

मला वाटत होतं, हे फक्त मला ठाऊक आहे. महिन्याभराने पार उघडला तर यादीत तिसरं नाव, काटा. 'आलो गड्यानो. मोबाईलचा कटाळा आला.' शुद्धलेखनाच्या नावाने आनंद, पण तात्या रोज येऊन बसायला लागले. मग सांगलीवाले आले. आणि मास्क सुटले त्या आठवड्यात तात्या ऑफिसात शिरले तर मला ओळखूच आले नाहीत. सात पिढ्यांची मिशी साफ उडवलेली, वरचा ओठ मुळ्यासारखा पांढरा.

मी म्हटलं, "तात्या, हे काय केलंत?"

"उकडतंय लय," तात्या म्हणाले, आणि भाईंच्या समोर जाऊन, तोंड वर करून, सावकाश विचारलं, "भाई, च्या घेनार का?"

भाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "घेनार की. आता दिसतंय समदं."  आमच्याकडे असल्या गोष्टींवर बोलत नाहीत.

परवा त्या नव्या मुलीला मी सांगितलं, त्यांच्यासाठी चहा ठेवू नको, त्यांनी 'येतो' लिहिलं की खाली नुसतं 'या' लिहीत जा. ती म्हणाली, "पण मॅडम, ते तर ग्रुपवरच असतात. मग 'या' कशाला?" त्याचं उत्तर भाईंच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसात आहे.

शाल, नारळ, पेढे, सगळं सकाळी झालं. शेठ चांगलं बोलले, आणि बोलताना भाईंकडे तोंड करून बोलले, म्हणजे त्यांनाही कधीतरी उमगलं असणार. दुपारी नवीन कॉम्प्युटरवाले येऊन ते जुनं मशीन काढणार होते. भाईंनी अर्धा तास मागून घेतला. आम्ही सगळे आपापल्या जागी बसलो. शेठसुद्धा पहिल्यांदाच पारावर आले, त्यांना भाईंनी नाव दिलं 'पाहुणा'. अर्धा तास नुसता दंगा. मग भाईंनी लिहिलं, 'आता एकेकानं निघायचं. मशीन बंद केलं की सगळे बिनबोलता गळणार. तसं नगं. नीट निघा.'

पाहुणा निघाला, कंसात 'येतो'. सांगलीवाले निघाले, येतो, येतो. गेटवरचा निघाला. काटा निघाला, त्याने दोनदा लिहिलं. यादीत दोन नावं उरली.

'निघ आता,' भाईंनी लिहिलं.

'आधी तुम्ही.'

'पार माझा हाय. घरचा माणूस मागनं.'

'मग तुमचं येतो वाचायला कोण राहणार?'

 मग आलं, 'कोण न्हाई. मशीन हाय.'

'मशीनला काय कळतंय?'

'हाक मारतंय की. ओ देतंय.'

'ओ मी देते,' मी लिहिलं. 'मी काय मेलेय? निघा तुम्ही.'

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो त्यांना ऐकू आला नाही, मला आला. पडद्यावर ओळ उमटली. गप्प, आणि कंसात, येतो.

यादीत मी एकटी. मी खाली लिहिलं, 'या.' लिहिलं आणि मग लक्षात आलं, हे आता कुणाला दिसणार? गेलेल्या माणसाला मागचं दिसत नाही, पाराची रीतच तशी. तेवढ्यात भाई माझ्या दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर शाल, हातात तारेसकट तो गोल आरसा.  नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मला आवाज फुटेना. मग ध्यानात आलं, आवाजाची गरजच नाही. मी ओठांनीच म्हटलं, या.

"ऐकू आलं," भाई म्हणाले.